डिअर आणि एल्कसाठी काडतूस कसं निवडायचं: आधी बुलेट ठरवा, मग कॅलिबर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोलोरॅडोत ग्रीन कार्डावर राहताय, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, दुसऱ्या रायफल सीझनचे म्यूल डिअर (मोठ्या कानांचं हरीण) आणि काऊ एल्क (एल्क या मोठ्या हरणाची मादी) असे दोन्ही टॅग, म्हणजे एकेक जनावर मारायचे परवाने, लागले. आता दुकानातला माणूस म्हणतो एल्कसाठी .३०० विंचेस्टर मॅग्नम (विन मॅग) हे जास्त पावडरचं दणकट काडतूसच पाहिजे, ऑफिसातला मित्र म्हणतो ६.५ क्रीडमूर घे बाकी सगळं जुनं झालं, आणि बजेट एकाच रायफलचं आहे. शिवाय पुढच्या वर्षी वहिनीपण टॅगसाठी अर्ज करणार आहेत आणि त्यांनाही तीच रायफल चालवायचीय. तर काय घ्यावं, आणि डिअरला वेगळी गोळी नि एल्कला वेगळी असं करावं लागतं का.

सरळ उत्तर: ७ एमएम-०८ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर घ्या, त्यात बॉन्डेड (आतलं शिसं कवचाला चिकटवलेली) किंवा पूर्ण तांब्याची बुलेट वापरा, आणि दोन्ही प्राण्यांना तीच एक गोळी. पण हे का, ते नीट सांगतो, नाहीतर पुढच्या दुकानात गेलात की तो परत तुमचं मन फिरवेल.

काडतूस म्हणजे पितळेची केस, मागे प्रायमर, आत पावडर आणि पुढे बसवलेली बुलेट. केस आणि पावडरचं काम नळीच्या तोंडाशी संपलं. प्राण्यापर्यंत जाते ती फक्त बुलेट, आणि तिथे पोचताना तिचा वेग किती उरलाय यावरच पुढचं सगळं ठरतं. .३०८, .३०-०६ आणि .३०० विन मॅग या तिन्हींत बुलेटचा व्यास एकच असतो, .३०८ इंच. तीच १८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, पुढे सांगतो) बुलेट .३०८ मधून साधारण २६२० फूट प्रति सेकंद वेगाने निघते, .३०-०६ मधून २७०० ने, आणि .३०० विन मॅगमधून २९६० ने. आता मॅग्नममधून निघालेली बुलेट साधारण पावणेदोनशे यार्ड गेली की तिचा वेग २६२० च्या आसपास येतो. म्हणजे मॅग्नमवाल्याने पावणेदोनशे यार्डांवरून मारलं काय आणि .३०८ वाल्याने अगदी जवळून मारलं काय, एल्कच्या बरगडीला दोन्ही सारखंच. मॅग्नमचे जास्तीचे पैसे आणि जास्तीचा धक्का देऊन तुम्हाला मिळतं ते हे पावणेदोनशे यार्डांचं अंतर. तुम्ही पहिल्याच वर्षी चारशे-पाचशे यार्डांवर मारणार नाही आहात (आणि मारूही नका), तर मग ते अंतर घेऊन करायचं काय?

कायद्याचं आधी उरकतो कारण तिथे चूक झाली तर बाकीचं बोलण्यात अर्थ नाही. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या नियमाप्रमाणे बिग गेमसाठी, म्हणजे अशा मोठ्या जनावरांसाठी, रायफल किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे नळीचा व्यास .२४ इंच) हवी, बुलेट फुलणारीच हवी, म्हणजे आत शिरल्यावर टोक पसरणारी, डिअरसाठी किमान ७० ग्रेन, एल्कसाठी किमान ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड (हे ऊर्जेचं माप) एनर्जी. सेमी ऑटोमॅटिक असेल तर चेंबर धरून सहापेक्षा जास्त काडतुसं चालत नाहीत. दरवर्षीचं ब्रोशर येतं त्यात हे सगळं छापलेलं असतं, आपल्या सीझनचं बघूनच घ्या. ग्रेन हे वजनाचं माप आहे, एका पाउंडात ७००० ग्रेन, म्हणजे १५० ग्रेनची बुलेट पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. स्वस्तात मिळणारी फुल मेटल जॅकेटवाली मिलिटरी टाइप काडतुसं रेंजवर वापरा, शिकारीला नाही, ती फुलत नाहीत, बारीक भोक पाडून आरपार जातात आणि जनावर जखमी होऊन लांब कुठेतरी तडफडत मरतं.

आणि हे किमान आकडे म्हणजे सल्ला नव्हे. कायद्याने .२४३ मधली ८५ ग्रेनची बुलेट एल्कला चालते, पण म्हणून नवख्या माणसाने ती घेऊन एल्कच्या मागे जावं असं मी कधीच म्हणणार नाही.

आता जनावर मरतं कसं ते बघू, कारण "नॉकडाऊन पॉवर" हा शब्द दुकानात इतक्यांदा ऐकू येतो की लोकांना वाटतं गोळीच्या धक्क्याने एल्क उलटा पडतो. असं होत नाही. गोळी जेवढा रेटा प्राण्याला देते तेवढा किंवा त्याहून जास्तच रेटा बंदुकीने तुमच्या खांद्याला आधीच दिलेला असतो, आणि तुम्ही काही पडलेला नसता. जनावर मरतं ते दोन्ही फुप्फुसं किंवा हृदय फाटून रक्त जातं आणि मेंदूला ऑक्सिजन पोचत नाही म्हणून. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेलेलं डिअर बहुतेक वेळा पन्नास-शंभर यार्डांत पडतं. एल्क मात्र कधीकधी तशा गोळीनंतर नुसता उभा राहतो, काही झालंच नाही असं वाटतं, आणि नवा माणूस समजतो की आपली गोळी चुकली. म्हणून बुलेटकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्या असतात. ती आत जाऊन रुंद फुलली पाहिजे म्हणजे फुप्फुसात मोठी वाट होते, आणि फुलूनही ती तुटता कामा नये, शक्यतो पलीकडून बाहेर पडली पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. जास्त आणि लवकर फुलली तर खोल जात नाही, खोल जाणारी बनवली तर फुलायला वेग लागतो. बुलेट बनवणाऱ्यांची सगळी अक्कल या एका भांडणात खर्च झालेली आहे.

सगळ्यात साधी म्हणजे कप अँड कोअर, तांब्याचं पातळ कवच आणि आत शिसं. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून आहे, विंचेस्टरची पॉवर-पॉइंट आहे, हॉर्नडीची इंटरलॉक आहे. डिअरसाठी ही आजही उत्तम, स्वस्त, आणि जवळपास कुठल्याही गावातल्या दुकानात मिळते. म्यूल डिअरचा नर दीडशे ते अडीचशे पाउंडांचा, बरगडीतून गेली तर हिला काही अडचण येत नाही. प्रश्न येतो एल्कला. काऊ एल्क साधारण पाचशे पाउंडांची, बुल सातशे आणि त्याहून वर. आपल्याकडचा मोठा सांबर डोळ्यासमोर आणा, काऊ साधारण त्या अंगाची. तिच्या खांद्याचं हाड जाड असतं आणि जवळच्या अंतरावर वेगात गेलेली मऊ बुलेट त्या हाडावर आपटली की कवच एकीकडे आणि शिसं एकीकडे होतं, आणि आत जायला काही उरत नाही.

याच अडचणीतून पार्टिशन बुलेट निघाली. जॉन नॉस्लर १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते, मूसच्या अंगावर वाळलेला चिखल होता, जवळून मारलेल्या गोळ्या वरच्यावरच फुटल्या आणि आत गेल्याच नाहीत. परत येऊन त्यांनी अशी बुलेट बनवली की जिच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत आहे, पुढे वेगळं शिसं, मागे वेगळं. पुढचा भाग फुलतो, थोडा झिजतो, भिंतीमागचा भाग मात्र शाबूत राहून पुढे घुसत जातो. १९४८ मध्ये कंपनी सुरू झाली आणि ती बुलेट अजून विकली जाते, अजून उत्तम आहे. तिच्यानंतर बॉन्डेड आल्या, त्यात शिसं आणि कवच एकमेकांना चिकटवलेलं असतं म्हणून सुटत नाही. नॉस्लर अ‍ॅक्युबाँड, फेडरल फ्यूजन, स्विफ्ट सिरोको ही त्यातली नावं. स्विफ्ट ए-फ्रेममध्ये मधली भिंतही आहे आणि बॉन्डिंगही. आणि मग पूर्ण तांब्याच्या, ज्यात शिसं नाहीच. बार्न्सची एक्स बुलेट १९८९ ची, आता तिचीच सुधारलेली टीटीएसएक्स मिळते, हॉर्नडीची सीएक्स आहे. यांची टोकं चार पाकळ्यांत उघडतात आणि वजन जवळजवळ सगळंच टिकतं.

गेल्या काही वर्षांत लांब पल्ल्याच्या पातळ कवचाच्या बुलेट फार लोकप्रिय झाल्यात. हवेतून सुंदर जातात, लांबवर अचूक लागतात, आणि त्यातल्या शिकारीसाठी बनवलेल्या, जसं हॉर्नडीची ईएलडी-एक्स, डिअरला छान चालतात. पण ऐंशी-शंभर यार्डांवर, दाट झाडीत, वेग पूर्ण असताना एल्कच्या खांद्याला अशी बुलेट लागली तर ती फार लवकर उघडते असं माझं मत आहे. आणि ज्यांच्या डब्यावर "मॅच" लिहिलंय त्या कागदावर भोकं पाडायलाच आहेत, त्यांच्याबद्दल जंगलात जाताना विचारच नको.

पश्चिम कोलोरॅडोतल्या ग्रँड मेसा पठारावर मारलेल्या एका काऊमधली बुलेट माझ्याकडे अजून आहे. .३०८ मधून १६५ ग्रेनची बॉन्डेड, अंतर दोनशे यार्डांच्या थोडं आत, ती तिरकी उभी होती. गोळी शेवटच्या बरगड्यांपासून आत शिरली, एक फुप्फुस पूर्ण आणि दुसऱ्याचा पुढचा भाग फाडून पलीकडच्या खांद्याच्या हाडाला भेगा पाडून कातड्याच्या आत येऊन थांबली. कातडं सोलताना बोटाला टणक गाठ लागली, सुरीने हळूच चीर दिली आणि ती बाहेर आली, अळंबीसारखी फुललेली, खालचा देठ तसाच गोल, वरच्या बाजूला शिसं करडं आणि त्यात केसाचा एक तुकडा अडकलेला. घरी पावडरच्या काट्यावर वजन केलं तर ११४ ग्रेन. म्हणजे तीसेक टक्के वाटेत गेलं आणि सत्तर टक्के शेवटपर्यंत पोचलं. एवढ्या मोठ्या जनावरात तिरक्या वाटेने दोन-अडीच फूट आत जायचं काम .३०८ ने केलं, ते बुलेटच्या बांधणीमुळे केलं. हीच जागा, हाच कोन आणि मऊ बुलेट असती तर ती पलीकडच्या फुप्फुसापर्यंत पोचली असती की नाही याची मला खात्री नाही, आणि ज्याची खात्री नाही ते मी जिवंत जनावरावर करून बघत नाही.

वेगाची गोष्ट अजून थोडी सांगायला हवी कारण इथेच लोक फसतात. प्रत्येक बुलेटला फुलायला एक किमान वेग लागतो. कप अँड कोअर आणि बॉन्डेड साधारण १८०० फूट प्रति सेकंदापर्यंत फुलतात, तांब्याच्या बुलेटसाठी मी २००० धरून चालतो, काही कंपन्या याहून कमी आकडा छापतात पण मला हाताशी थोडी शिल्लक आवडते. .३०८ मधली १६५ ग्रेनची चांगली बुलेट २७०० ने निघाली तर ३०० यार्डांवर साधारण २१५० ला असते. म्हणजे बॉन्डेडला अजून जागा आहे आणि तांब्याच्या बुलेटची हद्द तिथून फार लांब नाही. ही हद्द काढायला काही मोठं गणित लागत नाही, डब्याच्या मागच्या बाजूला किंवा कंपनीच्या तक्त्यात शंभर-शंभर यार्डांवरचा वेग दिलेला असतो, तुमच्या बुलेटचा किमान वेग ज्या रकान्यात संपतो तिथे तुमची शिकार संपली असं समजायचं. तुमच्या रायफलची नळी २० किंवा १८ इंचांची असेल तर डब्यावरचा आकडा २४ इंचांच्या नळीचा असण्याची शक्यता जास्त, तेव्हा त्यातून शंभर-सव्वाशे कमी करूनच हिशेब करा.

एनर्जीबद्दल, डिअरला हजार आणि एल्कला पंधराशे फूट-पाउंड असा जुना अंदाज सगळे सांगतात. अंदाज म्हणून ठीक आहे, वाईट नाही, पण एनर्जी कुठे खर्च झाली हे त्या आकड्यात नसतं, खांद्यावर वरच्यावर फुटलेल्या बुलेटची एनर्जीसुद्धा कागदावर तीच दिसते.

आता एकेक काडतूस. .२४३ विंचेस्टर १९५५ चं, ९५-१०० ग्रेनमध्ये डिअरला झकास, धक्का अगदी कमी, पोरं यावरच शिकतात. एल्कला अनुभवी माणूस वापरतो, त्याला कुठला शॉट घेऊ नये ते कळतं म्हणून. ६.५ क्रीडमूर हॉर्नडीने २००७ मध्ये टार्गेट स्पर्धांसाठी आणलं, तुमचा मित्र म्हणतो तसं ते खरंच चांगलं आहे, धक्का कमी, वाऱ्यात कमी वाहतं, डिअरसाठी यापेक्षा सुखाचं काही नाही. काऊ एल्कला बॉन्डेड किंवा तांब्याची बुलेट घालून अडीचशे-तीनशे यार्डांच्या आत मी त्याला आनंदाने हो म्हणेन. बाकी सगळं जुनं झालं हे मात्र चूक, .२६४ इंच व्यासाची बुलेट ही .३०८ पेक्षा छोटीच असते आणि जनावरात गेल्यावर काडतूस कुठल्या साली निघालं याला काही अर्थ नसतो.

७ एमएम-०८ म्हणजे .३०८ चीच केस, तोंड लहान केलेली, १९८० पासून कारखान्यातून मिळते, १४० ग्रेनची बुलेट २८०० च्या आसपास. मला विचाराल तर एक रायफल, दोन माणसं, दोन जनावरं या तुमच्या हिशेबात हेच सगळ्यात चपखल बसतं. एकच अडचण, छोट्या गावातल्या दुकानात याचे डबे कमी असतात. .३०८ चे डबे मात्र मीकरला जा नाहीतर गनिसनला, कुठेही मिळतात, विमानात बॅग हरवली तरी शिकार थांबत नाही. म्हणून मी दोन्ही नावं दिली. .२७० विंचेस्टर १९२५ चं, शिकारीवर लिहिणारे जॅक ओ'कॉनर यांनी आयुष्यभर लिहून लिहून ते लोकप्रिय केलं, १३० ग्रेन ३०६० च्या वेगाने म्हणजे बुलेट फार सपाट जाते. एल्कला त्यात १५० ग्रेनची पार्टिशन किंवा १३० ची तांब्याची घ्या. .३०-०६ स्प्रिंगफील्ड १९०६ चं, अमेरिकन लष्कराचं, ११० ते २२० ग्रेनपर्यंत काहीही चालतं, १८० ग्रेनमध्ये बुल एल्कपर्यंत कुठलीच शंका नाही, कोणी वापरलेली चांगली रायफल स्वस्तात देत असेल तर डोळे झाकून घ्या. .३०-३० दाट झाडीत दीडशे यार्डांच्या आत डिअरला अजूनही छान आहे, पण कोलोरॅडोच्या उघड्या डोंगरउतारांना ते अपुरं पडतं. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि .३०० विन मॅग ही १९६२-६३ ची, दोन्ही जबरदस्त, आणि ज्याचा खांदा आणि सवय दोन्ही पक्की आहेत त्याने खुशाल वापरावीत.

खांद्याचं बोलायलाच हवं. आठ पाउंडांच्या रायफलमध्ये .२४३ चा धक्का साधारण ९ फूट-पाउंड, ६.५ क्रीडमूरचा १२, ७ एमएम-०८ चा १३-१४, .३०८ आणि .२७० चा १७ च्या आसपास, .३०-०६ चा २०, आणि .३०० विन मॅगचा २५ च्या वर. रायफल सहा पाउंडांची हलकी माउंटन टाइप घेतली तर हे सगळे आकडे आणखी वाढतात. वीसच्या पुढे गेलं की बहुतेक माणसांचं शरीर ट्रिगर दाबायच्या क्षणी आधीच आकसायला लागतं, डोळा मिटतो, खांदा पुढे जातो, आणि नेम सहा-आठ इंच खाली जातो. हे स्वतःला कळत नाही. कळायचा उपाय सोपा आहे, रेंजवर मित्राला मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी काडतूस घालायला सांगा, तुम्हाला न दाखवता. डमीवर ट्रिगर दाबल्यावर नळीचं तोंड हललं तर तुम्हाला धक्क्याची भीती बसलीय, तेव्हा त्या दिवशी तिथेच थांबायचं आणि पुढच्या वेळी .२२ ची, जवळजवळ धक्का नसलेली रायफल घेऊन यायचं. ज्याच्या हातात ७ एमएम-०८ स्थिर आहे तो ज्याच्या हातात मॅग्नम थरथरतोय त्यापेक्षा एल्कशी जास्त दयाळूपणे वागतो, हे मी कितीतरी हंटिंग कँपमध्ये बघितलंय. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, वायू बाजूला सोडणारा तुकडा) लावून धक्का कमी होतो हे खरं, पण आवाज कानाला भयंकर लागतो आणि शिकारीत शेजारी बसलेल्याने कानाला काही लावलेलं नसतं.

डिअरला एक, एल्कला दुसरी असं करू नका. दोन वेगळ्या बुलेट एकाच रायफलमधून एकाच जागी लागत नाहीत, १०० यार्डांवर दोन-तीन इंचांचा फरक सहज पडतो, आणि पहाटे अंधारात थंडीत खिशातलं कुठलं काडतूस कुठलं हे बघत बसायची ती वेळ नसते. एल्कसाठी पुरेशी असलेली बुलेट डिअरला चालतेच. जरा कडक बुलेट असली तर डिअर वीस-तीस पावलं जास्त पळेल, एवढंच, आणि मांस उलट कमी खराब होईल.

मांसावरून शिशाचं सांगतो, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. शिशाची बुलेट फुलताना तिचे बारीक कण जखमेच्या आजूबाजूला बऱ्याच लांबपर्यंत पसरतात, डोळ्याला दिसत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डाकोटात दान केलेल्या हरणाच्या मांसाचं स्कॅनिंग झालं तेव्हा त्यात शिसं सापडलं आणि फूड पँट्रींना ते मांस टाकून द्यायला सांगितलं गेलं. टाकून दिलेली आतडी खाऊन गिधाडं-गरुडांना शिशाची बाधा होते ते वेगळंच, कॅलिफोर्नियात कॉन्डॉर या दुर्मीळ गिधाडासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची बुलेट सगळ्या राज्यात बंद झालीय. कोलोरॅडोत बंदी नाही, पण मी स्वतः घरच्या मांसासाठी हळूहळू तांब्यावर आलो. एका काऊचं हाडं काढून दीडशे पाउंडांच्या आसपास मांस निघतं, वर्षभर घरात तेच चालतं (चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घालून कुकरला मटणापेक्षा जास्त वेळ द्या), ते नातवंडांच्या ताटात निर्धास्त वाढता आलं पाहिजे. तांब्याची घेताना एक लक्षात ठेवा, तांबं शिशापेक्षा हलकं म्हणून त्याच वजनाची बुलेट लांब होते. म्हणून एक पायरी हलकी घ्या, .३०८ मध्ये १८० ऐवजी १५० किंवा १६५-१६८, ७ एमएम-०८ मध्ये १२० किंवा १४०. वेग वाढतो, फुलणं पक्कं होतं, वजन तर टिकतंच. शिशाचीच वापरणार असाल तर जखमेभोवतीचं लाल झालेलं मांस हात आखडता न घेता कापून टाका.

भारतातले नातेवाईक हे सगळं ऐकून दचकतात, साहजिक आहे, तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हाच. इथे टॅगांची संख्या कळपांच्या मोजणीवरून ठरते, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने प्रत्येक रायफलीवर आणि काडतुसांच्या डब्यावर ११ टक्के कर लागतो जो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. कोलोरॅडोत आज अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, जे एके काळी इतके संपत आले होते की वायोमिंगमधून आणून सोडावे लागले. नातेवाइकांनी विचारलं तर हे सांगा.

झीरो २०० यार्डांवर करा (त्या अंतरावर स्कोपचा नेम जिथे तिथेच गोळी लागेल असा स्कोप बसवा), म्हणजे १०० वर गोळी पावणेदोन-दोन इंच वर लागायला हवी. मग .३०८ सारख्या काडतुसात ३०० यार्डांवर ती आठेक इंच खाली जाते आणि ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात सहा-सात इंच बाजूला. डिअरची छातीतली मारायची जागा साधारण आठ इंचांच्या ताटाएवढी, एल्कची त्याहून बरीच मोठी. आता या आकड्यांवरूनच बघा की ३०० यार्डांवर नुसता वारा चुकीचा ओळखला तर डिअर जखमी होतं. पहिल्या वर्षी दोनशे यार्डांची मर्यादा स्वतःला घाला. उंचीवर हवा विरळ असते त्यामुळे नऊ-दहा हजार फुटांवर गोळी थोडी वर लागते, पण दोनशे यार्डांत तो फरक धरण्यासारखा नसतो.

कोनाचं थोडं. जनावर पूर्ण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या, छातीच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशावर नेम. तिरकं, तोंड पलीकडे करून उभं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे जाणारी रेघ मनात काढा आणि ती अलीकडे जिथे शिरते तिथे मारा. समोरून येणारं किंवा सरळ पाठमोरं असेल तर थांबा, मारू नका. एल्कवर गोळी लागली आणि तो उभाच असेल तर लगेच दुसरं काडतूस भरून परत मारा, पडेपर्यंत मारा, एल्कला पहिल्या गोळीनंतर मान खाली घालून चरताना पाहून लोक रायफल खाली ठेवतात आणि मग तो डार्क टिंबरमध्ये, म्हणजे दाट अंधाऱ्या जंगलात, शिरतो. गोळी लागली तिथे जाऊन खाली बघा. ओकच्या झुडपांच्या पानांवर गुलाबी, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून माग काढा. गडद लाल नि घट्ट म्हणजे यकृताकडचं, काही तास थांबा. हिरवट-तपकिरी आणि वास येणारं म्हणजे पोट, मग कितीतरी तास शांत बसावं लागतं, ढकललंत तर ते मैलभर जातं. आणि एल्कचे केस दाट असतात, रक्त त्यातच जिरतं, म्हणून पलीकडून बाहेर पडलेलं दुसरं भोक माग काढताना फार कामाला येतं. मी आरपार जाणाऱ्या बुलेटचा एवढा आग्रह धरतो त्यामागे हेही एक कारण आहे.

खरेदी अशी करा. रायफल आली की दोन-तीन वेगवेगळ्या बुलेटचे वीस-वीसचे एकेक डबे घ्या, प्रत्येकाचे तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप १०० यार्डांवर मारा, मध्ये नळी थंड होऊ द्या. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, शेजारच्याच्या त्याच मॉडेलला जे आवडतं ते तुमच्या रायफलला आवडेलच असं नाही. दीड इंचाच्या आत ग्रुप आला, म्हणजे तिन्ही भोकं तेवढ्यात बसली, की पुरे, अर्ध्या इंचाच्या मागे लागू नका. मग त्याच बुलेटचे, त्याच लॉट नंबरचे (म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचे) चार-पाच डबे एकदम घ्या, लॉट नंबर डब्याच्या झाकणावर किंवा आतल्या फ्लॅपवर छापलेला असतो. तांब्याच्या आणि बॉन्डेडच्या डब्याला साध्यापेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे पडतात, म्हणून सरावाला साधी कप अँड कोअर वापरा आणि सीझनच्या आधी शिकारीच्या काडतुसांवर झीरो परत तपासा. बेंचवरून झीरो झाला की बेंच सोडा. बसून, गुडघ्यावर, शूटिंग स्टिक्सवर, पाठपिशवीवर टेकून, आठ इंचांच्या कागदी ताटलीवर मारा, आणि ज्या अंतरावर पहिली थंड नळीची गोळी दर वेळी ताटलीत जाते तेच तुमचं त्या वर्षीचं अंतर, मग ते दीडशे का असेना.

वहिनींसाठी रायफल घेतानाच दस्त्याची लांबी कमीजास्त करता येणारं मॉडेल बघा, स्पेसर काढून-घालून अर्धा-एक इंच फरक करता येतो. दस्ता लांब पडला तर स्कोप डोळ्यापासून चुकीच्या अंतरावर येतो आणि कमी धक्क्याचं काडतूससुद्धा जोरात लागतं. दोघंही दुकानात एकत्र जा, जाड जॅकेट घालून जा कारण ऑक्टोबरच्या शेवटी डोंगरात तेच अंगावर असणार आहे, आणि खांद्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ग्रुप मारून झाले की कुठली बुलेट, किती इंच आणि नळी किती लांबीची ते कळवा, पुढचा अंतराचा हिशेब तुमच्या आकड्यांवरून करून देतो.